वायरलेस घरघरतो, बॅटरी बसते? नवी बॅटरी घेण्याआधी होडीची वायरिंग तपासा

पालघर : सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी, आलेवाडी, तारापूर, चिंचणी या किनाऱ्यावरची मोठी होडी म्हणजे खलाशांचं फिरतं घरच. कित्येक दिवस तिथेच जेवण, तिथेच झोप, तिथेच मोबाईल चार्जिंग. या घरात महावितरणची लाईन नाही. तारापूरच्या अणुवीज केंद्रातून १९६९ पासून वीज लांबलांबच्या शहरांत जाते, पण त्याच किनाऱ्यावरून बाहेर पडलेल्या होडीचा सगळा कारभार एक-दोन बॅटऱ्यांवर चालतो. दिवे, वायरलेस, जीपीएस, मासे शोधणारा फिश फाइंडर, मोबाईल आणि आता ट्रान्सपाँडर, सगळं त्यावरच.

म्हणूनच दोन तक्रारी प्रत्येक बंदरावर ऐकू येतात. पहिली, "वायरलेसमध्ये नुसती घरघर येते, समोरचा काय बोलतो कळत नाही." दुसरी, "बॅटरी नवीन टाकली तरी मध्यरात्रीपर्यंत बसते." बहुतेक वेळा पहिल्या तक्रारीवर सेट बदलला जातो आणि दुसरीवर बॅटरी. हजारो रुपये जातात आणि पुढच्या फेरीत तेच सुरू होतं. कारण दोन्ही दुखण्यांचं मूळ बऱ्याचदा एकच असतं, ते म्हणजे गंजलेली टर्मिनल, बारीक वायर, ढिला जोड आणि स्वस्त इलेक्ट्रॉनिक वस्तू. ते कसं शोधायचं, याची ही माहिती. टेम्पोत मुक्काम करणारे, फूड ट्रकवाले किंवा राहण्याची सोय असलेली कॅरॅव्हॅन गाडी चालवणारे यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

हा नुसता आवाजाचा त्रास नाही

समुद्रात संकटात मदत मागण्यासाठी व्हीएचएफ वायरलेसचा चॅनेल १६ असतो. त्याची फ्रिक्वेन्सी १५६.८ मेगाहर्ट्झ. जगभरातल्या बोटी आणि तटरक्षक दल याच चॅनेलवर कान ठेवून असतात. वादळाचा इशारा, जवळच्या होडीची हाक, मोठ्या जहाजाचा "बाजूला व्हा" असा निरोप, हे सगळं आधी इथेच येतं.

दुसरी गोष्ट ट्रान्सपाँडरची. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्येच पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते मासेमारी नौकांसाठीच्या दळणवळण यंत्रणेचा देशभरासाठी शुभारंभ झाला. वाढवण बंदराचा पायाभरणी समारंभ झाला, तोच हा कार्यक्रम. १३ किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतल्या एक लाख नौकांवर टप्प्याटप्प्याने इस्रोने विकसित केलेला ट्रान्सपाँडर बसवण्याची ही योजना आहे. मोबाईलची रेंज जिथे संपते, तिथेही उपग्रहामार्फत निरोप देता-घेता यावा, हा तिचा उद्देश. पण हा डबासुद्धा विजेवरच चालतो. होडीची बॅटरी बसली तर तोही मुका होतो. त्यामुळे बॅटरी आणि वायरिंग हा आता जिवाच्या सुरक्षिततेचा विषय झाला आहे.

खरखर येते तरी कुठून?

वायरलेसचा सेट हवेतून येणारा अगदी बारीक सिग्नल पकडतो. त्याच्या शेजारी दुसरी एखादी वस्तू विजेचा गोंगाट करत असेल, तर तो बारीक सिग्नल त्या गोंगाटात बुडतो. लग्नाच्या डीजेसमोर उभं राहून फोनवर बोलण्यासारखंच हे.

हा गोंगाट दोन वाटांनी येतो. एक वायरमधून, म्हणजे बॅटरीकडून सेटला जाणाऱ्या प्लस-मायनसमधून. दुसरी हवेतून, म्हणजे ॲंटेनामार्गे. आवाज नीट ऐकला तर दोषी कोण याचा अर्धा अंदाज तिथेच येतो.

शिट्टीसारखा आवाज, इंजिनाच्या वेगाबरोबर वर-खाली होणारा : हा डायनामोचा, म्हणजे अल्टरनेटरचा. अल्टरनेटर आतून एसी करंट तयार करतो आणि डायोड त्याचा डीसी करतात. एखादा डायोड गेला, बॅटरीचं टर्मिनल ढिलं असलं किंवा बॅटरीच थकलेली असली की तो करंट लाटालाटांनी सेटपर्यंत पोहोचतो. तुमच्या बोलण्यातही ही शिट्टी मिसळते, त्यामुळे समोरचा "आवाज फाटतो" म्हणतो.

सतत एकसारखी खरखर, इंजिन बंद असतानाही : एलईडी दिवे, इन्व्हर्टर, मोबाईल चार्जर किंवा सोलरचा कंट्रोलर. या सगळ्यांच्या आत करंट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो. चांगल्या मालात हा गोंगाट आतच अडवणारा फिल्टर असतो. स्वस्त मालात पैसे वाचवताना पहिला तोच काढून टाकतात.

होडी हलली की कडकड, मग शांत : ढिला किंवा गंजलेला जोड. टर्मिनल, स्विच, फ्यूज होल्डर किंवा ॲंटेनाच्या केबलचा कनेक्टर.

छोट्या फायबर होडीवर टकटक, इंजिनाच्या तालावर : पेट्रोल किंवा रॉकेलवरचं आऊटबोर्ड असेल तर स्पार्क प्लग आणि त्याची वायर बघा. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो, त्यामुळे तिथे हे कारण असत नाही.

सगळ्यात धोक्याचा गोंगाट ऐकूच येत नाही

सेटवर स्क्वेल्चची खुंटी असते. काही सेटवर नुसतं 'एसक्यू' लिहिलेलं असतं. खरखर येऊ लागली की आपण ती फिरवतो आणि सेट शांत होतो. बरं वाटतं. पण ती खुंटी म्हणजे दार आहे. दार जेवढं घट्ट लावाल, तेवढा लांबचा बारीक आवाजही बाहेरच राहतो. एलईडीच्या गोंगाटामुळे ती खूप फिरवून ठेवली असेल, तर सेट चालू दिसतो, दिवा लागलेला असतो, पण लांबच्या होडीची हाक आत येतच नाही. तांडेलाला वाटतं, आज कुणी बोलत नाहीये.

हा त्रास फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने ऑगस्ट २०१८ मध्ये बोटवाल्यांसाठी खास सूचना काढली होती. एलईडी दिव्यांमुळे व्हीएचएफ वायरलेस आणि जहाजांची ओळख देणारी एआयएस यंत्रणा नीट ऐकू शकत नाही, अशा तक्रारी त्यांच्याकडे आल्या होत्या. त्यांनी सांगितलेली चाचणी सोपी आहे आणि आपल्या होडीवर पाच मिनिटांत होते :

१. होडीवरचे सगळे एलईडी दिवे बंद करा.
२. ज्या चॅनेलवर कुणी बोलत नाही, असा शांत चॅनेल लावा.
३. स्क्वेल्चची खुंटी खरखर येईपर्यंत सोडा. मग अगदी थोडी, खरखर जेमतेम बंद होईल एवढीच परत फिरवा.
४. आता दिवे लावा.
५. खरखर परत सुरू झाली, तर दिवेच गोंगाट करत आहेत.

हीच चाचणी इन्व्हर्टर, चार्जर, फिश फाइंडर, पाणी उपसायचा पंप अशी एकेक वस्तू चालू करून करा. सोलर पॅनल असेल तर दिवसा त्यावर जाड ताडपत्री टाकून बघा. शेवटी इंजिन चालू करा. एका वेळी एकच वस्तू, हा नियम मोडू नका. सगळं एकदम लावलं तर चोर सापडणार नाही. सापडेल ती वस्तू वहीत लिहून ठेवा.

एक खुलासा. एलईडी लावून मासे गोळा करण्याच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ पासून बंदी घातली आहे. इथे चाललेली गोष्ट डेकवरच्या आणि केबिनमधल्या साध्या दिव्यांची आहे.

चोर सापडला, आता काय?

आधी बिनखर्चाचे उपाय. गोंगाट करणारा दिवा ॲंटेनाच्या काठीवर असेल तर तो लांब हलवा. दिव्याची वायर आणि ॲंटेनाची केबल एकत्र बांधलेली असते, ती वेगळी करा. दोन्ही एकमेकींना कुठे ओलांडत असतील तर आडव्या ओलांडू द्या, शेजारी-शेजारी लांबपर्यंत नेऊ नका. दिव्याच्या प्लस आणि मायनस वायरी एकमेकींभोवती पिळून घ्या. पिळलेल्या जोडीतून गोंगाट कमी बाहेर पडतो.

मग थोड्या खर्चाचा उपाय. लॅपटॉपच्या केबलवर टोकाशी एक जाड काळा गोळा असतो, तो पाहिला असेल. त्याला फेराइट म्हणतात. उघडून वायरवर बसवता येणारे फेराइट इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतात. ते गोंगाट करणाऱ्या वस्तूच्या अगदी जवळ बसवा आणि जमत असेल तर वायरचे दोन-तीन वेढे त्यातून काढा. एवढं करूनही नाही थांबलं तर तो दिवा किंवा चार्जर बदला. हेच खरं औषध.

वायरलेसला स्वतःची वेगळी वायर द्या. प्लस आणि मायनस, दोन्ही थेट बॅटरीपासून. दिव्यांच्या लाईनमधून टॅप मारू नका. टेम्पोत लोखंडी बॉडीचा मायनस वापरतात, तशी सवय लाकडी किंवा फायबरच्या होडीत चालत नाही. इंजिनाच्या बॉडीला मायनस जोडून काम भागवलं तर अल्टरनेटरचा सगळा गोंगाट सेटमध्ये येतो. शिवाय असा भटका करंट पाण्यातल्या धातूच्या भागांना, म्हणजे पंखा आणि शाफ्टला, झपाट्याने खातो.

ॲंटेना विसरू नका. व्हीएचएफचा सिग्नल साधारण सरळ रेषेत जातो. दोन्ही होड्यांची ॲंटेना पाण्यापासून सहा मीटर उंच असेल तर सगळं ठीक असताना सुमारे १० सागरी मैलांपर्यंत बोलणं होतं. केबलच्या कनेक्टरमध्ये खारं पाणी शिरलं की हे अंतर घटतं. कनेक्टर उघडा. आत तांब्यावर हिरवट थर दिसला तर पुसून भागत नाही. केबलचा तेवढा तुकडा कापून नवा कनेक्टर लावा आणि बाहेरून पाणी न शिरणारी रबरी टेप गुंडाळा.

आता बॅटरी : मीटर काय सांगतो?

दोन-तीनशे रुपयांपासून मिळणारा डिजिटल मल्टिमीटर होडीवर असलाच पाहिजे. इंजिन आणि सगळा लोड बंद करून दोन-तीन तास थांबा. मग बॅटरीच्या दोन टर्मिनलवर डीसी व्होल्ट मोजा. नेहमीच्या ॲसिडवाल्या १२ व्होल्ट बॅटरीचा अंदाज असा :

– १२.६ किंवा जास्त : भरलेली
– १२.४ : साधारण पाऊण
– १२.२ : साधारण अर्धी
– १२.० : पाव
– ११.८ किंवा कमी : रिकामी

आता इंजिन चालू करा आणि थोडा रेस द्या. व्होल्टेज साधारण १३.८ ते १४.४ यायला हवं. २४ व्होल्टची होडी असेल तर याच्या दुप्पट. १३ च्या खाली राहिलं तर चार्जिंग होत नाही. पट्टा ढिला आहे का बघा. इंजिन बंद असताना अंगठ्याने दाबल्यावर पट्टा साधारण एक सेंटीमीटरच दबला पाहिजे. पट्टा ठीक असेल तर अल्टरनेटर दाखवा. उलट व्होल्टेज सतत १४.८ च्या वर जात असेल तर कटआऊट, म्हणजे रेग्युलेटर, बिघडला आहे. अशी बॅटरी उकळते, पाणी लवकर संपतं आणि प्लेटा खराब होतात.

डायोड तपासायचा असेल तर मीटर एसी व्होल्टवर टाका. इंजिन चालू असताना बॅटरीवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसला तर डायोडवर संशय घ्या. पण काही स्वस्त मीटर एसीवर ठेवले तरी डीसीचाच आकडा दाखवतात. म्हणून आधी इंजिन बंद असताना बघा. तेव्हाच २५-२६ असा आकडा आला तर तो मीटरचा दोष समजा आणि दुसरा मीटर आणा.

टोपणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर आणखी खरं बोलतो. भरलेल्या बॅटरीत कंपनीनुसार साधारण १.२४० ते १.२८० दिसतं. आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे सहाही खाने सारखे असणं. पाच खाने १.२४० आणि एकच १.१५० दाखवत असेल तर तो सेल बसला. अशी बॅटरी कितीही चार्ज केली तरी रात्री दगा देणारच.

बॅटरी चांगली, तरी सेट बंद पडतो

ही तक्रार नेहमीची. सेट ऐकायला ठीक असतो, पण बोलायचं बटण दाबलं की स्क्रीन मंद होते किंवा सेट बंद पडतो. लोक म्हणतात सेट गेला. सेट गेलेला नसतो, त्याला वीज पोहोचत नसते.

हिशेब बघा. २५ वॅटचा व्हीएचएफ सेट ऐकताना अर्ध्या अँपिअरच्या आसपास घेतो, बोलताना मात्र ५ ते ६ अँपिअर ओढतो. बॅटरी इंजिनखोलीत, सेट केबिनमध्ये, मधलं अंतर १० मीटर. करंटला जाऊन परत यायचं असतं, म्हणून वायर धरायची २० मीटर. घरच्या दिव्याची दीड स्क्वेअर मिलिमीटरची वायर टाकली असेल तर ५ अँपिअरला तिच्यातच सव्वा व्होल्टच्या आसपास गळतात. बॅटरीवर १२.२ असेल तर सेटला ११ च मिळतात. तेवढ्यावर बरेच सेट पूर्ण ताकदीने बोलू शकत नाहीत, काही तर बंदच पडतात. तीच वायर ६ स्क्वेअर मिलिमीटरची केली तर गळती साधारण ०.३ व्होल्टवर येते.

तपासायची पद्धत : एकाने मीटर सेटच्या मागे जोडाच्या जागी धरायचा, दुसऱ्याने बोलायचं बटण दाबायचं. चॅनेल १६ वर ही चाचणी करू नका, दुसरा रिकामा चॅनेल घ्या. मग तेच मोजमाप बॅटरीवर करा. दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर दोष वायरमध्ये किंवा जोडात आहे. मग एकेक जोड मोजत पुढे जा. बऱ्याचदा फ्यूज होल्डरमध्ये किंवा टर्मिनलच्या लगमध्येच चोर सापडतो.

खाऱ्या हवेत जोड कसा करता, यावर सगळं आहे. तारा पिळून वर चिकटपट्टी, हा जोड एका हंगामातच आतून काळा पडतो. त्याऐवजी योग्य मापाचा लग प्रेसने दाबून बसवा आणि वर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह चढवा. मिळाली तर कथील चढवलेली, म्हणजे टिन्ड कॉपर वायर घ्या. ती महाग पडते, पण खाऱ्या हवेत कितीतरी जास्त टिकते. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खायचा सोडा आणि गोड्या पाण्याने धुवा. सोड्याचं पाणी खान्यात जाऊ देऊ नका. टर्मिनल वाळल्यावर पाना लावून घट्ट करा, मग वर व्हॅसलिन किंवा ग्रीस. ग्रीस आधी लावून मग घट्ट करायचं नाही.

दोन बॅटऱ्यांतली "मधली लाईन" बंद करा

ज्या होड्यांचं इंजिन २४ व्होल्टचं आहे, तिथे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडलेल्या असतात. वायरलेस, जीपीएस मात्र १२ व्होल्टचे. मग सोपा मार्ग म्हणून एकाच बॅटरीवरून १२ ची लाईन काढतात. दोन्ही बॅटऱ्या मारणारं याहून मोठं कारण क्वचितच असेल.

होतं असं. खालची बॅटरी रोज उतरते, वरची भरलेलीच राहते. अल्टरनेटर दोघींना मिळून २८ व्होल्ट देतो. त्याला कोण भुकेली आणि कोण पोट भरलेली ते कळत नाही. खालची उपाशी राहून तिच्या प्लेटांवर पांढरा थर बसतो, वरची जास्त चार्ज होऊन उकळते. काही महिन्यांत दोन्ही जातात. मग एकच बदलली तर जुनी नवीला खाली ओढते.

उपाय दोन. एक, २४ चे १२ करणारा चांगला कन्व्हर्टर लावा. स्वस्त कन्व्हर्टर स्वतःच गोंगाट करतो, म्हणून घेण्याआधी वर दिलेली स्क्वेल्चची चाचणी त्यावरही करा. दोन, वायरलेस आणि ट्रान्सपाँडरसाठी वेगळी १२ व्होल्टची बॅटरी ठेवा. आणि दोन बॅटऱ्या जोडीने चालणार असतील तर बदलताना दोन्ही एकदम, एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या घ्या.

रात्रीचा हिशेब कागदावर मांडा

१०० एएचची बॅटरी म्हणजे १०० एएच वापरायला मिळाले असं नाही. ती रोज अर्ध्याच्या खाली उतरवली तर लवकर मरते. म्हणून हातात ५० एएच धरा. आता एका दिवसाचा खर्च :

– १० वॅटचे चार एलईडी, १० तास : सुमारे ३३ एएच
– वायरलेस ऐकत ठेवलेला, २४ तास : सुमारे १२
– जीपीएस व फिश फाइंडर, एक अँपिअर धरून १२ तास : १२
– सहा मोबाईल एकदा पूर्ण चार्ज : सुमारे १२

बेरीज ६९. ट्रान्सपाँडर, पंप आणि इन्व्हर्टरवरची टीव्ही यात धरलेलीच नाही. जाळी टाकून इंजिन बंद ठेवलं तर पहाटेपर्यंत ही बॅटरी बसणारच, त्यात बॅटरीची काही चूक नाही. झोपताना चारऐवजी दोन दिवे ठेवले तर १६ एएच वाचतात. नियमाने लागणारे सिग्नलचे दिवे मात्र कधीच बंद करू नका. मोबाईल इंजिन चालू असतानाच चार्ज करा, इन्व्हर्टर लावून नको. १२ चे २३० आणि परत २३० चे ५ व्होल्ट करण्यात वीज फुकट जाते.

इंजिन स्टार्ट करायची बॅटरी आणि दिव्यांची बॅटरी वेगळी ठेवा, मध्ये स्विच लावा. स्टार्टिंगच्या बॅटरीच्या प्लेटा पातळ असतात. त्या क्षणभर मोठा करंट देण्यासाठी बनवलेल्या असतात, रात्रभर दिवे जाळण्यासाठी नव्हे. दिव्यांसाठी ट्युब्युलर बरी. आणि दिवे जाळता-जाळता स्टार्टिंगची बॅटरी बसली, तर भर समुद्रात इंजिनही उठणार नाही.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. इंजिन तासभर चालवून बॅटरी पूर्ण भरत नाही. सुरुवातीचा भाग लवकर भरतो, शेवटच्या वीस टक्क्यांना कित्येक तास लागतात. रोज अर्धवट भरलेली बॅटरी हळूहळू थराने मरते. म्हणून होडी बंदराला लागली की चार्जर लावून रात्रभर पूर्ण चार्ज करा. १०० एएचला साधारण १० अँपिअरचा चार्जर पुरतो.

बंदीच्या ६१ दिवसांत बॅटरी घरी आणा

१ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीत होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि बॅटऱ्या तशाच आत राहतात. दोन महिने न वापरलेली बॅटरी आपोआप उतरते, आणि उतरलेल्या अवस्थेत पडून राहणं हाच तिचा मृत्यू. ऑगस्टमध्ये पहिल्याच फेरीला बसणाऱ्या बॅटऱ्यांची मोठी कहाणी हीच.

काढताना आधी मायनस, मग प्लस. घरी आणून धुवा, पूर्ण चार्ज करा, नंतर महिन्यातून एकदा पुन्हा चार्ज करा. पाणी फक्त डिस्टिल्ड घाला, ॲसिड घालू नका. बोअरवेलचं किंवा नळाचं पाणीही नको. बॅटरी फरशीवर ठेवली की उतरते, हा समज जुन्या काळातल्या खोक्यांचा. आजच्या प्लॅस्टिकच्या खोक्याला फरशीने काही होत नाही. लेकरांचा हात पोहोचणार नाही, हवा खेळती राहील, अशी जागा मात्र बघा.

१२ व्होल्टला हलकं समजू नका

१२ व्होल्टचा झटका बसत नाही, पण पाना दोन टर्मिनलवर पडला तर शेकडो अँपिअर वाहतात आणि आग लागते. म्हणून बॅटरीतून निघणाऱ्या प्रत्येक प्लस वायरला बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज लावा. फ्यूज उडाला म्हणून जागेवर तार बांधणं म्हणजे वायरलाच फ्यूज बनवणं. लाकूड, डिझेल आणि गॅसच्या संगतीत ते परवडणारं नाही.

चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तो ठिणगीने पेटतो. बॅटरी शेगडीजवळ नको, बंद पेटीतही नको. आणि खारं पाणी बॅटरीच्या खान्यात गेलं तर क्लोरीन हा विषारी वायू तयार होतो. बॅटरी उंचावर, बांधून, वरून झाकलेली पण हवा जाणारी ठेवा. पाणी शिरलं असेल तर आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत काढा.

स्वस्तात मिळते म्हणून लिथियम बॅटरी ॲसिडच्या जागी नुसती उचलून बसवू नका. तिला वेगळं चार्जिंग लागतं आणि ती जुन्या अल्टरनेटरकडून एवढा करंट ओढते की तो जळू शकतो. ती घ्यायचीच असेल तर पूर्ण सिस्टीम जाणकाराकडून करून घ्या.

निघण्याआधी पाच मिनिटं

– बॅटरी १२.६ दाखवते का? इंजिन चालू केल्यावर १३.८ च्या वर जाते का?
– टर्मिनल हाताने हलतात का?
– सगळे दिवे लावून, स्क्वेल्च जेमतेम ठेवून सेट शांत राहतो का?
– दुसऱ्या होडीशी एकदा बोलून आवाज विचारला का?
– ट्रान्सपाँडरचा दिवा लागला आहे का?
– जादा फ्यूज, मीटर, पाना आणि टेप बरोबर आहे का?

मोबाईलची रेंज असेल तोवर समुद्रातल्या मदतीसाठी तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे नंबर सगळ्या खलाशांच्या फोनमध्ये सेव्ह असू द्या. रेंज गेली की चॅनेल १६ आणि ट्रान्सपाँडर हेच उरतात. समुद्रात रात्री बॅटरी बसू लागलीच, तर सगळ्यात आधी इन्व्हर्टर, चार्जर आणि केबिनचे दिवे बंद करा. उरलेली वीज वायरलेससाठी, ट्रान्सपाँडरसाठी आणि सिग्नलच्या दिव्यांसाठी राखून ठेवा.